हँडलवरचा वाटाड्या

न्यू जर्सीतल्या माणसाला "तुम्ही राहता कुठे?" असं विचारलं की तो गावाच्या आधी एक्झिटचा नंबर सांगतो, असा इथला जुना विनोद आहे. आम्ही एडिसनकरही त्याला अपवाद नाही. टर्नपाइकचा एक्झिट १०, तिथून २८७, नाहीतर रूट १, नाहीतर रूट २७, एवढ्या चार आकड्यांत आमचा संसार झाला. भाजी ओक ट्री रोडला, न्यूयॉर्कची गाडी मेट्रोपार्कला आणि मंडळाचा गणपती कुठल्या तरी हायस्कूलच्या ऑडिटोरियममध्ये. सव्वीस वर्षं राहूनही गाव पाहिलं ते गाडीच्या काचेतून, आणि तेही उशीर झालेला असताना.

निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी सायकली घेतल्या. आमच्यातला एक पुण्याचा, दुसरी सांगलीची. शाळा-कॉलेज दोघांचंही सायकलवरच झालं, त्यामुळे तोल सांभाळायला पुन्हा शिकावं लागलं नाही. प्रश्न आला तो वाटेचा. पुण्यात तेव्हा वाट चुकायची सोयच नव्हती. जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, भिकारदास मारुती असे देवच जागोजागी वाटाडे होऊन उभे होते, आणि त्यातूनही अडलं तर पानवाला होताच. एडिसनला रस्त्याकडेला मारुती नाही आणि विचारायला माणूसही नाही. फुटपाथ असलाच तर त्यावर खारी पळताना दिसतात. तेव्हा सायकलीपाठोपाठ वाटाड्या शोधणं आलं.

सुरुवातीला सगळे करतात तेच आम्ही केलं, फोन हँडलवर लावला. मेटचन, एडिसन आणि वुडब्रिज यांना जोडणारा मिडलसेक्स ग्रीनवे हा जुन्या रेल्वेमार्गावर केलेला साडेतीन मैलांचा रस्ता. तो २०१२ साली खुला झाला. तिथे फोन पुरेसा होता, खरं म्हणजे फोनचीही गरज नव्हती. पण एका शनिवारी आम्ही जरा लांबचा बेत केला आणि परतताना फोनमधल्या बाईंनी आम्हाला अशा एका रस्त्यावर आणून सोडलं, जिथे शोल्डर हळूहळू अरुंद होत शेवटी संपलाच. बाजूनं ट्रक असे जात होते की प्रत्येकाबरोबर सायकल हातभर हलायची.

"अगं, नकाशात तर रस्ता हाच दाखवतोय."

"अहो, नकाशात ट्रक दाखवतात का?"

सायकली हातात धरून गवतातून अर्धा मैल चालत आलो. संध्याकाळी मुलीचा फोन आला आणि बोलता बोलता ही हकीगत तिला कळलीच. ती म्हणाली, "आई-बाबा, एक तर नीट यंत्र घ्या, नाहीतर सायकली बेसमेंटमध्ये ठेवा." तिचं म्हणणं चूक नव्हतं. पण सायकली एकदा बेसमेंटमध्ये गेल्या की त्यांची गत तिथल्या ट्रेडमिलसारखी होते, आणि मग आपलीही. गेल्या काही वर्षांत आमच्या वयाच्या कितीतरी जणांचं जग घर, देऊळ आणि डॉक्टर एवढ्यावर येताना आम्ही पाहिलं आहे. म्हणून यंत्राचा शोध आम्ही जरा मनावर घेतला. त्यात जे हाती लागलं ते सांगावं, कारण सायकली घेणारी पुष्कळ मंडळी आता आपल्यात दिसू लागली आहेत.

आधी थोडं जीपीएसबद्दल. हे यंत्र कुणाला काही पाठवत नाही, ते फक्त ऐकतं. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून उपग्रह सतत वेळ सांगत फिरत असतात. त्यांचा संदेश सेकंदाच्या साधारण पंधराव्या भागात आपल्यापर्यंत पोहोचतो. निदान चार उपग्रहांच्या वेळांतल्या बारीक फरकांवरून यंत्र आपली जागा काढतं. ही व्यवस्था १९९५ साली पूर्ण झाली, पण नागरिकांसाठीचा संदेश अमेरिकन सरकार मुद्दाम थोडा बिघडवून पाठवत असे, त्यामुळे शंभर मीटरपर्यंत चूक व्हायची. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ती अडवणूक उठवल्याचं जाहीर केलं ते १ मे २००० रोजी, नेमक्या महाराष्ट्र दिनी! शंभर मीटर म्हणजे किती, ते आमच्या कालव्याकाठी कळतं. किंग्स्टनच्या उत्तरेला कालवा आणि मिलस्टन नदी अगदी शेजारून वाहतात. तेवढी चूक झाली तर यंत्र आपल्याला सायकलीसकट नदीत दाखवेल.

आज उघड्या आकाशाखाली साधं यंत्रही काही मीटरच्या आत बरोबर सांगतं. दाट झाडीत किंवा उंच इमारतींमध्ये संदेश इकडेतिकडे आपटून येतो, तिथे दोन वेगळ्या लहरींवर ऐकणारी नवी यंत्रं जास्त उपयोगी पडतात. थोडक्यात, "आपण कुठे आहोत" या प्रश्नाचं उत्तर आता कुठलंही बऱ्यापैकी यंत्र देतं. "कुठून जावं" हा प्रश्न अगदी निराळा आहे, आणि दुकानात गेल्यावर या दोन प्रश्नांची गल्लत होते. गवतातून चाललो त्या दिवशी फोनला आमची जागा अचूक माहीत होती. रस्ता जवळचा आहे हेही त्याला माहीत होतं. आम्ही साठी ओलांडलेली दोन माणसं आहोत आणि आम्हाला घाई नाही, हे मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

हे ध्यानात आल्यावर निवड सोपी झाली. वाट आपण ठरवायची आणि आपण आखलेली रेघ यंत्रानं दिवसभर, उन्हापावसात, चष्मा न शोधता दिसेल अशी दाखवायची. एवढं काम चोख करणारं यंत्र आम्हाला हवं होतं. हृदयाचे ठोके, पायातली ताकद, गेल्या मंगळवारपेक्षा आज किती सेकंद लवकर पोहोचलो, हे सगळं आमच्या दृष्टीनं लग्नातल्या बँडसारखं. असला तर असो, त्यावाचून लग्न अडत नाही.

बाजारात तीन प्रकार आहेत.

पहिला आपला फोनच. नकाशे आधी उतरवून ठेवले तर सिग्नल नसतानाही चालतो, आणि वेगळा खर्च नाही. पण पडदा सतत चालू ठेवला की बॅटरी दुपारीच मान टाकते, उन्हात दिसत नाही, पावसाचे थेंब पडले की बोटाचं ऐकत नाही. मुख्य म्हणजे अडचणीत ज्यावरून मदत मागायची तोच फोन वाट दाखवून दमलेला असतो. एक-दोन तासांच्या फेरीला फोन उत्तम, तीन दिवसांच्या सहलीला मात्र तो खिशात राहिलेला बरा.

दुसरा प्रकार म्हणजे डोंगर चढणारे लोक हातात घेऊन फिरतात तसलं यंत्र. गार्मिनचं ईट्रेक्स २२एक्स यातलंच. याचा मोठा गुण म्हणजे ते डबल एच्या दोन सेलवर चालतं. सेल संपले तर कुठल्याही गावच्या फार्मसीत नवे मिळतात, चार्जरची वाट बघत बसायला नको. आठ-आठ दिवस रानात राहणाऱ्यांना याच्यासारखं दुसरं नाही. पण पडदा लहान, आणि हँडलवर तो हातभर लांब असतो.

तिसरा प्रकार खास सायकलसाठी बनवलेला. यात कॅन्ससमधल्या गार्मिनची एज मालिका, अटलांटाच्या वाहूचं रोम, आणि न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या हॅमरहेडचं कारू अशी नावं येतात. गार्मिन हे नाव गॅरी बरेल आणि मिन काओ या दोन संस्थापकांच्या नावांतून आलं. काओ तैवानहून इथे शिकायला आलेले, म्हणजे आपल्यासारखेच सूटकेस घेऊन उतरलेले.

या तिसऱ्या प्रकारात आम्ही अडकलो ते बटणं की बोटाचा पडदा, या वादात. आमच्यातल्या नकाशावाल्याला मोठा, बोटानं सरकवता येणारा पडदा हवा होता. सांगलीकरणीनं एकच प्रश्न विचारला, "नोव्हेंबरात हातमोजे घालून आणि नाकातून पाणी येत असताना हे चालेल का?" मग ओळखीच्यांकडून दोन यंत्रं मागून आणली आणि मिडलसेक्स ग्रीनवेवर त्यांची परीक्षा घेतली. तीच परीक्षा तुम्हालाही सुचवतो, कारण दुकानातल्या दिव्याखाली सगळीच यंत्रं छान दिसतात. भर दुपारी, ऊन पाठीमागून येत असताना, वाचायचा चष्मा न लावता पुढचं वळण दिसतं का? हातमोजा घालून नकाशा लहान-मोठा करता येतो का? पडद्यावर बाटलीतलं पाणी शिंपडलं तर ते भांबावतं का? आणि मुद्दाम चुकीच्या रस्त्यावर वळलो तर काय करतं?

शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. वाट सोडली की बहुतेक यंत्रं आपोआप नवी वाट काढायला घेतात, आणि ती नवी वाट पुष्कळदा मोठ्या रस्त्यावरून जाते. आमच्या मते ही सोय बंद करता येणं, किंवा निदान यंत्रानं आधी विचारणं, आवश्यक आहे. आम्हाला हवं असतं ते एवढंच, की "तुम्ही रेघेवरून उतरलात" असं सांगावं आणि गप्प बसावं. मग थांबून, पाणी पिऊन, आम्ही आल्या वाटेनं मागे जातो.

शेवटी घेतलं ते २०२३ साली आलेलं गार्मिनचं एज ५४०. पडदा २.६ इंचांचाच, पण सगळा कारभार बटणांवर. झाडीत उपयोगी पडणाऱ्या दोन लहरी त्यात आहेत, नवी वाट काढायची सोय बंद करता येते, आणि बॅटरी कंपनीच्या म्हणण्यानुसार २६ तास चालते. नकाशावाल्यानं मोठ्या पडद्याचा हट्ट सोडला, त्याबदल्यात अक्षरं मोठी करून एका पानावर तीनच आकडे ठेवले. तुम्ही घ्याल तेव्हा वेगळं नाव बाजारात असेल. परीक्षा मात्र हीच घ्या.

आता वाट आखण्याबद्दल. हे काम आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर होतं, मोठ्या कॉम्प्युटरवर. राइड विथ जीपीएस किंवा कोमूट यांसारख्या साधनांत नकाशावर रेघ ओढायची आणि तिची जीपीएक्स फाइल यंत्रात घालायची. इथे एक बारकावा आहे. यंत्राला नुसती चार ठिकाणं दिली तर मधला रस्ता ते स्वतःच्या मनानं काढतं. पावलापावलाचे बिंदू असलेला पूर्ण ट्रॅक दिला तर ते आपली रेघ तशीच दाखवतं. आम्ही नेहमी ट्रॅक देतो. अनोळखी चौक असला की त्याचं रस्त्यावरून काढलेलं छायाचित्र आधी बघून घेतो. शोल्डर आहे का, सिग्नल आहे का, डावीकडे वळायला जीव मुठीत घ्यावा लागेल का, हे टेबलावर बसून ठरवता येतं. ट्रक दिसतात ते इथे. आणि आमच्यातली विचारणारी इथे लागते, कारण तिच्या प्रश्नांवाचून नकाशावाला सरळ रेघ ओढून मोकळा होतो.

असं करूनही डोळे उघडे ठेवावेच लागतात. सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळाच्या पुरानं आमच्या या कालव्याकाठची वाट बऱ्याच ठिकाणी वाहून गेली. नकाशातली रेघ मात्र तशीच अखंड होती. तेव्हापासून निघण्याआधी पार्कच्या सूचना वाचणं आमच्या यादीत आलं. कागदावर छापलेला त्या दिवसाचा नकाशाही पिशवीत असतो, कारण कागदाला चार्जिंग लागत नाही.

यावर आमचे एक मित्र म्हणाले, "एवढं करायचं तर मग यंत्र कशाला?" प्रश्न रास्त आहे. आपल्या घरावरून जाणाऱ्या रूट २७ चंच बघा ना. ही जुनी लिंकन हायवेची वाट, आणि एडिसनमध्ये अजूनही या रस्त्याला लिंकन हायवे म्हणतात. १९१३ साली न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को अशी ती आखली गेली, तेव्हा लोक खांबांवर रंगवलेली लाल-पांढरी-निळी खूण आणि तिच्यावरचं एल अक्षर बघत जायचे. पुढे १९२८ साली बॉय स्काउट मुलांनी देशभर तिचे सिमेंटचे खांब रोवले. आणि १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून निघालेले सहा पारशी तरुण! त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघं अमेरिका ओलांडून, जगप्रदक्षिणा पुरी करून १९२८ साली परतले. त्यांच्या डोक्यावर उपग्रह नव्हता. अगदी अलीकडचं बोलायचं तर नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली रेस अॅक्रॉस अमेरिका ही कॅलिफोर्नियापासून मेरीलँडमधल्या अॅनापोलिसपर्यंतची सुमारे तीन हजार मैलांची शर्यत दोघांच्या चमूत पुरी केली. त्या शर्यतीतही प्रत्येक वळण लिहिलेली पुस्तिका असते आणि मागच्या गाडीत बसून वाट सांगणारी माणसं असतात. सायकल चालवणाऱ्यानं वाटेची काळजी करू नये म्हणून दुसऱ्यानं ती आधीच केलेली असते.

आमच्या मागे गाडी नाही. म्हणून त्या गाडीतल्या माणसाचं अर्धं काम आम्ही आदल्या रात्री करतो आणि उरलेलं अर्धं हे हँडलवरचं डबडं करतं. त्याची किंमत आम्हाला कळते ती संध्याकाळी, पाय जड झाले आणि दोन सारख्याच दिसणाऱ्या वाटा समोर आल्या की. त्या वेळी वाद घालायचं त्राण नसतं. यंत्रावर सकाळी शांत डोक्यानं केलेला निर्णय रेघ होऊन समोर असतो.

राहता राहिली मुलगी. जीपीएस यंत्र स्वतः काही पाठवत नाही हे वर सांगितलंच, पण खिशातल्या फोनशी जोडलं तर आपण कुठे आहोत हे घरच्यांना नकाशावर दिसत राहतं. तिला ते हवं होतं. आम्ही थोडे कुरकुरलो. आम्ही या देशात आलो तेव्हा आईनं एवढंच सांगितलं होतं, "पोहोचल्याचं पत्र टाक." ते पत्र तिच्या हाती पडायला दोन-तीन आठवडे लागले, आणि तेवढे दिवस तिनं काय केलं असेल याचा विचार त्या वयात आमच्या मनातही आला नाही. आता आपल्या मुलीच्या पडद्यावर आपला ठिपका मिलस्टनच्या काठानं सरकतो आहे, आणि ती ऑफिसात बसून मधूनमधून तो बघते आहे. तो ठिपका एका जागी फार वेळ थांबला की तिचा मेसेज येतो, "ठीक आहात ना?" बहुतेक वेळा आम्ही पोळी-भाजीचा डबा उघडलेला असतो.

गेल्या जूनमध्ये तीन दिवसांची सहल केली. एडिसनहून मेटचन, पिस्कॅटवेचं जॉन्सन पार्क, लँडिंग लेनचा पूल ओलांडून न्यू ब्रन्सविकला डेलावेअर अँड रॅरिटन कालव्याची वाट लागते. तिथून ट्रेंटनपर्यंत सुमारे ३५ मैल गाड्यांचा त्रास जवळजवळ नाहीच. पहिला मुक्काम प्रिन्स्टनला, दुसरा लॅम्बर्टव्हिलला, आणि तिसऱ्या दिवशी ट्रेंटनहून आगगाडीनं घरी. गर्दीच्या वेळा टाळल्या तर गाडीत सायकल नेता येते. हा कालवा १८३० ते १८३४ या काळात खणला गेला, बराचसा हातांनी, आणि खणणारे पुष्कळसे आयर्लंडहून आलेले मजूर होते. १८३२ च्या कॉलऱ्यात त्यातले कितीतरी इथेच राहिले. ज्या वाटेवर खेचरं नावा ओढत होती, त्या वाटेवर आज आपण चालतो, पळतो, सायकल चालवतो. सव्वीस वर्षं आम्ही या कालव्यावरचे पूल गाडीतून ओलांडत होतो, आणि खाली वाट आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

तेव्हा मंडळी, यंत्र कुठलंही घ्या, पण घेण्याआधी ते ग्रीनवेवर नेऊन त्याच्यावर पाणी शिंपडा. आमच्या तीन दिवसांच्या वाटेचा ट्रॅक तयार आहे, मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला भेटलात तर देऊ. सोबत येणार असाल तर फारच उत्तम. ऑक्टोबरात पानं लाल झाली की पुन्हा निघायचा बेत आहे. डबे आपापले आणावेत, चहा आमच्याकडे.